व्हिच, दॅट, हू आणि तो नतद्रष्ट स्वल्पविराम

खोडरबर (धागाकर्ता)

मंडळी, एक जुनं दुखणं घेऊन आलोय. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच टंकतोय, दरवेळी कळफलक बदलायचा कंटाळा येतो. उच्चारावरून ओळखून घ्या.

परवा साहेबांना एक मेल पाठवली. पहिलंच वाक्य असं होतं: 'द रिपोर्ट, व्हिच यू हॅड आस्क्ड फॉर इट, इज अटॅच्ड.' साहेबांनी तेवढं वाक्य पिवळं करून मेल परत धाडली. खाली एक अक्षर नाही.

'इट' जास्तीचं आहे एवढं दोन तासांनी माझं मलाच कळलं. पण का जास्तीचं, ते सांगता येत नाही. शाळेत मिश्र वाक्य, गौण वाक्य, संबंधी सर्वनाम सगळं शिकलोय आणि मार्कही चांगले होते. लिहायला बसलो की मात्र व्हिच लावू की दॅट, स्वल्पविराम द्यायचा की नाही, सगळा अंदाजपंचे कारभार. तुम्ही हे कसं ठरवता? नियम सांगा, पण मला वापरता येईल असा सांगा.

सदाफुली

पिवळं केलं म्हणजे आवडलं असेल हो. आम्ही पुस्तकात आवडलेल्या ओळी पिवळ्याच करायचो.

बाकी साहेबांना काय खटकलं ते त्यांनाच का नाही विचारत?

खोडरबर

@सदाफुली, तेवढं धाडस असतं तर धागा कशाला काढला असता?

खडूफळा

तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

ही चूक तुमची नाही, तुमच्या मराठीची आहे. आणि मराठी तिच्या जागी अगदी बरोबर आहे. आपण म्हणतो, 'जो रिपोर्ट तुम्ही मागितला होता, तो जोडला आहे.' आपल्याकडे जोडी असते. जो आला की तो येणारच. जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, जितका-तितका, सगळी जोडपी. 'तो' आला नाही तर मराठी कानाला वाक्य लंगडं वाटतं. म्हणून इंग्रजी लिहिताना आपला हात तो 'तो' कुठे ना कुठे चिकटवतो. कुणी 'व्हिच रिपोर्ट यू आस्क्ड, दॅट इज अटॅच्ड' लिहितो, कुणी तुमच्यासारखा 'इट' ठेवतो. मूळ एकच.

वर्गात मी मुलांना आधी वाक्य फोडायला लावायचो.
द रिपोर्ट इज अटॅच्ड. यू हॅड आस्क्ड फॉर इट.
आता दुसऱ्या वाक्यातल्या 'इट'ला कपडे बदलायला सांगा. त्याचं 'व्हिच' झालं आणि ते उठून पुढे गेलं. मग जुन्या कपड्यांत ते मागेही उभं कसं राहील? ती जागा रिकामीच राहिली पाहिजे. संबंधी उपवाक्य लिहून झालं की त्यात एक भोक दिसलं पाहिजे. ते बुजलेलं दिसलं की समजा, चुकलं.

उलटी चूकही सर्रास होते. 'इट'बरोबर बिचारं 'फॉर'ही हाकललं जातं. 'द रिपोर्ट व्हिच यू आस्क्ड' असं उरतं. किंवा 'द हाउस व्हिच आय लिव्ह'. घरात राहतो ना आपण? मग 'इन' कुठे गेला? 'द हाउस व्हिच आय लिव्ह इन', 'द हाउस इन व्हिच आय लिव्ह', 'द हाउस व्हेअर आय लिव्ह' हे तिन्ही चालतात. 'द हाउस व्हेअर आय लिव्ह इन' नाही, कारण 'व्हेअर'च्या पोटात 'इन' आधीच बसलेला आहे.

खोडरबर

मास्तर, दंडवत! भोकाचं एकदम डोक्यात बसलं. दहावीत कुणी असं सांगितलं असतं तर!

उंटावरचा

'द हाउस व्हिच आय लिव्ह इन' चालतं? आमच्या बाई वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय दिसलं की वही भिरकावायच्या.

तळघर

बाईंचा दोष नाही, हे भूत जुनं आहे. 1672 मध्ये जॉन ड्रायडन या इंग्लिश कवीने बेन जॉन्सनच्या एका ओळीवर बोट ठेवलं होतं, ओळीच्या शेवटी 'फ्रॉम' आलं म्हणून. जॉन्सन तेव्हा हयातही नव्हता. उत्तर कोण देणार? लॅटिनमध्ये असं करताच येत नाही, आणि तेव्हाच्या विद्वानांना लॅटिनचा वचक फार. तिथून ही शिस्त व्याकरणाच्या पुस्तकांत शिरली. लोक मात्र आधीही शेवटी ठेवत होते आणि आजही ठेवतात.

या नियमाची खिल्ली उडवणारा चर्चिलचा तो 'अप विथ व्हिच'वाला किस्सा आता कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच सांगतो: तो चर्चिलचाच असल्याला धड पुरावा नाही.

उंटावरचा

टंकतच होतो हो. पुसलं.

अपूर्णविराम

स्वल्पविरामाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. नावाला जागलं पाहिजे.

'माय ब्रदर हू इज अ डॉक्टर' असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलं की भाऊ एकापेक्षा जास्त आहेत असं वाटतं, आणि त्यांतला डॉक्टर कोणता ते उपवाक्य सांगतं. ते काढलं तर कोणता भाऊ ते कळणार नाही. 'माय ब्रदर, हू इज अ डॉक्टर,' असं दोन्हीकडे स्वल्पविराम देऊन लिहिलं की भाऊ एकच. तो डॉक्टर आहे हे जाता जाता सांगितलं. काढून टाकलं तरी वाक्य उभं राहतं.

मोठ्याने वाचा. खालच्या आवाजात, कंसात टाकल्यासारखं वाचता आलं तर स्वल्पविराम द्या, आणि दोन्ही बाजूंना द्या. एकच देणं म्हणजे कंस उघडून निघून जाणं.

सदाफुली

बापरे. मी काल मैत्रिणीला लिहिलं, 'माय हजबंड हू इज स्लीपिंग विल कॉल यू लेटर.' म्हणजे जागा असलेला दुसरा नवरा आहे असा अर्थ झाला?

असता तर भांडी त्यानेच नसती का घासली!

अपूर्णविराम

@सदाफुली, स्वल्पविराम द्या आणि आहे त्यालाच उठवा.

कोर्टकचेरी

हसताय, पण असल्या उपवाक्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला लढला गेलाय. बार्नहार्ट विरुद्ध थॉमस, 2003.

एक बाई लिफ्ट चालवायच्या. ती नोकरी गेली, पुढे त्यांनी अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. सरकारने म्हटलं, तुम्ही तुमचं जुनं काम अजून करू शकता, सबब भत्ता नाही. बाई म्हणाल्या, अहो, लिफ्ट चालवायचं काम आता देशात उरलंय कुठे? कायद्याचा आशय असा होता: अर्जदार आपलं आधीचं काम करू शकत नसेल, आणि 'व्हिच एक्झिस्ट्स इन द नॅशनल इकॉनॉमी' असं दुसरं कुठलंही काम करू शकत नसेल, तर तो अपंग.

आता हे 'व्हिच' कुणाला चिकटतं? फक्त 'दुसऱ्या कामा'ला की 'आधीच्या कामा'लाही? बाईंच्या भागातल्या अपील न्यायालयाने दोन्हींना म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फिरवलं: उपवाक्य सहसा लगतच्या नामाला चिकटतं. न्यायमूर्ती स्कालियांनी उदाहरण दिलं ते घरगुती आहे. आईवडील मुलाला बजावून बाहेर जातात, पार्टी केलीस किंवा घराची नासधूस करणारं दुसरं काही केलंस तर शिक्षा होईल. मुलगा पार्टी करतो आणि म्हणतो, नासधूस कुठे झाली? तो सुटेल का? नाही. नासधुशीची अट 'दुसरं काही'ला आहे, पार्टीला नाही.

एका 'व्हिच'पायी बाईंचा भत्ता गेला. मसुदा लिहिताना मला अजून हे आठवतं.

अपूर्णविराम

@कोर्टकचेरी, मराठीत हा घोळ झाला असता का? 'नासधूस करणारं दुसरं काही' म्हटलं की विशेषण नामाच्या आधी येऊन बसतं.

कोर्टकचेरी

मराठीतही होतो. 'नासधूस करणारी पार्टी किंवा खेळ' म्हणून बघा. नासधूस कोण करतंय? आमचं पोट त्यावरच चालतं.

वर्डबळी

माझा मुद्दा वेगळाच आहे. मी व्हिच लिहिलं की वर्ड खाली रेघ मारतं आणि म्हणतं दॅट करा. म्हणजे व्हिच चूक आहे का?

तळघर

नाही. अवांतर होईल, पण कथा मजेशीर आहे.

दॅट फक्त नेमकं ओळखवणाऱ्या उपवाक्याला आणि व्हिच फक्त स्वल्पविरामवाल्याला, अशी वाटणी करू या, ही कल्पना फाउलर बंधूंनी 1906 च्या 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये मांडली. त्यातल्या हेन्री फाउलरने 1926 च्या 'मॉडर्न इंग्लिश युसेज'मध्ये ती पुन्हा मांडली. पण माणूस प्रामाणिक. तिथेच त्याने कबूल केलं की बहुतेक लेखक असं लिहीत नाहीत आणि उत्तम लेखकही लिहीत नाहीत. म्हणजे हा नियम नव्हता, इच्छा होती. अमेरिकन संपादकांनी ती इच्छा आज्ञा म्हणून उचलली. वर्डची रेघ त्याच परंपरेतली. ब्रिटिश लेखक 'द हाउस व्हिच आय बॉट' बिनदिक्कत लिहितात.

उलट बाजू मात्र पक्की आहे. स्वल्पविरामानंतरच्या जाता जाता सांगितलेल्या उपवाक्यात दॅट लावू नये. 'माय हाउस, दॅट इज ओल्ड,' हे दोन्ही देशांत खटकतं.

वर्डबळी

हुश्श. म्हणजे रेघ दिसली तरी मला झोप लागू शकते.

नवखा

हू आणि हूमचं पण सांगा ना कुणी. मी असं लक्षात ठेवलंय: जो म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम. बरोबर?

उंटावरचा

+१. मीही हेच करतो.

खडूफळा

@नवखा, @उंटावरचा, दोघांनाही उभं करतो. 'ज्याला मराठी येतं' याचं इंग्रजी करा. 'हूम मराठी कम्स'? 'ज्याला ताप आहे', 'ज्याला घाई आहे', 'ज्याला हे आवडतं' या सगळ्यांत इंग्रजीत हूच. आणि 'ज्याने खिडकी फोडली' यात मराठीला 'ने' लागला म्हणून 'बाय हूम' करू नका. तेही साधं हू. आपल्या विभक्त्या आणि त्यांच्या विभक्त्या यांची जन्मपत्रिका जुळत नाही.

मराठी बाजूला ठेवा आणि ते भोक बघा. भोकात 'ही' बसतो की 'हिम'? ही बसला तर हू, हिम बसला तर हूम. दोघांच्याही शेवटी म, लक्षात राहतं.

इथे शहाणेसुरतेही घसरतात. 'द मॅन हूम आय थॉट वॉज डेड.' आय थॉट पाहून वाटतं, मी ज्याला समजलो, म्हणजे हूम. पण भोक भरून बघा: आय थॉट ही वॉज डेड. ही! मग हू.

नवखा

मास्तर, म्हणजे 'गिव्ह इट टू हूमेव्हर कम्स फर्स्ट' पण चूक? टू आहे ना आधी?

खडूफळा

चूक. 'ही कम्स फर्स्ट', म्हणून हूएव्हर. 'टू'ला त्या एका शब्दाशी देणंघेणं नाही, आख्ख्या उपवाक्याशी आहे. प्रश्न चांगला विचारलात.

सदाफुली

बोलताना हूम वापरतं का कुणी? मी तर फक्त दाखल्यांवर 'टू हूम इट मे कन्सर्न' वाचलंय, आणि ते कधीच मला कन्सर्न होत नाही.

तळघर

बोलताना जवळजवळ गेलंच आहे. अव्ययाच्या लगेच मागे तग धरून आहे: टू हूम, विथ हूम.

शब्दांच्या सवयी बदलतात. 1611 च्या किंग जेम्स बायबलमधली प्रार्थना 'अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन' अशी सुरू होते. साक्षात देवाला व्हिच! तेव्हा माणसांनाही व्हिच चालायचं. आज मास्तरांनी लाल केलं असतं.

खडूफळा

देवाला नसतं केलं. तुम्हाला केलं असतं.

ओवीवेडी

इतक्या वेळ वाचत होते. मास्तरांच्या जोडप्यांबद्दल थोडं खुसपट काढते.

'जो'शिवाय मराठीचं मुळीच अडत नाही. 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं.' यात 'जे' कुठे आहे? 'दिसतं तसं नसतं' यात 'जसं' कुठे आहे? 'कसेल त्याची जमीन.' आपण जो खुशाल गिळतो, पण तो सहसा सोडत नाही. इंग्रजीत नेमकं उलटं. त्यांच्याकडे 'तो' नसतोच, आणि जमेल तिथे ते 'जो'ही गिळतात: 'द बुक आय बॉट'. म्हणून मला वाटतं, आपण इंग्रजीत 'इट' घुसडतो याचं कारण नुसती जोडी नाही. आपल्या लेखी त्या जोडीतला खरा खांब 'तो' आहे. खांब काढायला हात धजत नाही.

आणि जोडीची खरी श्रीमंती बघायची तर पसायदान. 'जो जे वांछील तो ते लाहो.' दोन जोड्या एकाच दमात: जो-तो आणि जे-ते. इंग्रजीत करून दाखवा! हूएव्हर आणि व्हॉटएव्हर दोन्ही आणले तरी मागच्या बाजूला 'तो ते' ठेवायला जागाच नाही.

खडूफळा

खुसपट मान्य, आणि खांबाचं म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं आहे.

'जो' गिळण्याला डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्परसनने कॉन्टॅक्ट क्लॉज असं नाव दिलंय, नाम आणि उपवाक्य एकमेकांना थेट खेटून बसतात म्हणून. पण गिळायचं ते भोक कर्त्याचं नसेल तेव्हाच. 'द मॅन आय मेट' चालेल. 'द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल' नाही चालणार, तिथे हू हवाच. आणि स्वल्पविरामवाल्या उपवाक्यात गिळायला मुभाच नाही.

उंटावरचा

मला उलटा त्रास होतो. हल्लीची मराठी! 'ती स्त्री, जी खिडकीत उभी होती, हसली.' अरे, 'खिडकीत उभी असलेली बाई हसली' म्हणा की. 'माझा भाऊ, जो डॉक्टर आहे' कशाला? 'माझा डॉक्टर भाऊ' म्हटलं तर ताप येतो का? आणि तो सगळ्यात भयंकर प्रकार: 'तो वेळेवर आला, जे आश्चर्यकारक होतं.'

ओवीवेडी

शेवटच्याला पूर्ण पाठिंबा. ते इंग्रजी 'व्हिच' आहे, आख्ख्या वाक्याकडे बोट दाखवणारं. मराठीत 'तो वेळेवर आला, याचंच आश्चर्य!'

पण जो मागून आला की लगेच इंग्रजी म्हणू नका. 'असा माणूस, की जो शब्द पाळतो' हे आपलंच आहे. 'असा' आधी हात धरून आणतो, म्हणून तो जो उपरा वाटत नाही.

उंटावरचा

ठीक. 'असा' असेल तर माफ.

अपूर्णविराम

आपल्या 'लेला' आणि 'णारा' यांची किंमत कळायची तर हे वाचा: 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' इंग्रज वाचकसुद्धा 'फेल'पाशी तोंडावर आपटतो. 1970 मध्ये थॉमस बीव्हर या मानसभाषातज्ज्ञाने दिलेलं हे उदाहरण. 'दॅट वॉज' गाळलंय, त्यामुळे घोडा स्वतःच धावला असं वाटत राहतं. मराठीत 'कोठारापुढून दौडवलेला घोडा पडला'. घोडा पडला, वाचक नाही.

नवखा

पाच वेळा वाचलं. अजून पडतोय.

वर्डबळी

मी आणखी एक टाकू? 'ऑल व्हॉट आय नो' असं लिहिलं तर रेघ येते.

खडूफळा

ती रेघ बरोबर आहे. व्हॉट म्हणजे 'जे ते' असा दोघांचा गोळा. त्याच्या आधी नाम किंवा ऑल, एव्हरीथिंग असलं काही लागत नाही. 'व्हॉट आय नो' म्हणा किंवा 'ऑल दॅट आय नो'.

खोडरबर

धागा कुठल्या कुठे गेला, पण मजा आली. आता मूळ वाक्याकडे. साहेबांनी एकच रिपोर्ट मागितला होता, पण मी दर महिन्याला चार तरी पाठवतो. म्हणजे कोणता ते सांगायला हवं. म्हणजे स्वल्पविराम नको. 'इट' बाद. कर्ता 'यू' आहे, म्हणून व्हिचही गिळता येईल. 'फॉर' ठेवायचा. तर:

'द रिपोर्ट यू आस्क्ड फॉर इज अटॅच्ड.'

'हॅड'ही उडवला. तपासा मास्तर.

खडूफळा

पैकीच्या पैकी.

कोर्टकचेरी

मसुदा मंजूर.

सदाफुली

आता तरी साहेबांना विचारा, पिवळं का केलं होतं.

खोडरबर

विचारलं. आत्ताच. नवं वाक्य घेऊनच गेलो होतो.

साहेबांनी व्हिच, इट, स्वल्पविराम यांतलं काहीही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पिवळं केलं कारण मी रिपोर्ट जोडलाच नव्हता.

ओवीवेडी

म्हणजे इतका वेळ आपण सगळे गौण वाक्य दुरुस्त करत बसलो आणि प्रधान वाक्यच खोटं होतं?

खडूफळा

एक मार्क कापला.